आपण ख्रिस्ती लोक हलक्या कानाचे झालोय का?

कानावर_हात
सलाम सगळ्यांना. बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज लिहितेय. गेल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या आधी ती शांत वेळ असते ना, स्वतःची पारख करायची, मी डोळे मिटले आणि डोक्यात काय सुरू झालं तर एका गाण्याची अर्धी ओळ. कुठल्याशा रीलमधला पंधरा सेकंदांचा तुकडा, शब्द असले की मी ते कुणासमोर मोठ्याने म्हणणार नाही. अर्धी ओळ, परत अर्धी ओळ, परत. पुढची ओळ मला येतच नाही त्यामुळे ते संपतही नाही. भाकर हातात आली तरी चालूच. खरं सांगते, घ्यावी की न घ्यावी असं झालं.

घरी येऊन रागाच्या भरात फोनमधल्या सगळ्या प्लेलिस्ट उडवल्या. तीन दिवस बरं वाटलं. चौथ्या दिवशी एका मैत्रिणीचा फोन आला आणि आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका जोडप्याबद्दल पाऊण तास ऐकलं, 'प्रार्थनेसाठी सांगतेय हं' म्हणून. फोन ठेवल्यावर वाटलं की गाणी उडवली, पण हे कुठून उडवू? आणि खरं म्हणजे त्या पाऊण तासात मला मजाच आली होती, ते जास्त लागलं.

तर प्रश्न असा की ख्रिस्ती माणसाने काय ऐकावं हा विषय निघाला की आपण गाण्यांपाशीच का अडकतो? आणि तुम्ही लोक प्रत्यक्षात काय करता? तत्त्वज्ञान नको, करता काय ते सांगा.

हेडफोनधारी
ताई आधी एक क्लिअर करू, प्लीज हा धागा 'सेक्युलर गाणी ऐकली की सैतान आत शिरतो' वर नेऊ नका. आम्हाला तरुण संघाच्या एका शिबिरात हेच सांगायला दीड तास गाणी उलटी वाजवून दाखवली होती, बघा उलटं लावलं की काय ऐकू येतं म्हणून. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. शेजारचा रडायला लागला म्हणून मीही हात वर केला. पुढची दोन वर्षं चोरून गाणी ऐकली आणि प्रत्येक गाण्यानंतर माफी मागितली. शिकलो काय तर लपवायला.

बिरुयाकर
@हेडफोनधारी सरळ वाजणाऱ्या गाण्यात काय म्हटलंय ते ऐकायला लोकांना सवड नाही आणि उलटं लावून शोधत बसतात, हे मला कधीच कळलं नाही.

मूळ प्रश्नाकडे येतो. येशूचं एकच वाक्य दोन शुभवर्तमानांत दोन तऱ्हांनी आलंय. मार्क ४:२४ मध्ये तुम्ही 'काय' ऐकता ते सांभाळा, आणि लूक ८:१८ मध्ये 'कसं' ऐकता ते सांभाळा. दोन्हीकडे ते पेरणाऱ्याच्या दाखल्यानंतर आणि दिवा झाकून ठेवत नाहीत त्याला लागून येतं. आणि तो दाखला खराब बियाण्याचा नाहीच! बी चारही ठिकाणी तेच, चांगलंच. वाट, खडक, काटे आणि चांगली जमीन, फरक आहे तो जमिनीचा. म्हणजे तिथे धोका सांगितलाय तो घाणेरड्या गाण्याचा नाही, चांगलं वचन कानावर पडूनही वाया जातं त्याचा.

आणि मराठी माणसाला हे समजायला सोपं जावं. 'पोरगं अजिबात ऐकत नाही' म्हणतो तेव्हा आपण त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही. ऐकणं म्हणजे मानणं. अनुवाद ६:४ मध्ये 'हे इस्राएला, ऐक' आहे तिथला हिब्रू शब्द असाच आहे, ऐकणं आणि त्याप्रमाणे वागणं दोन्ही त्यात येतं. नव्या करारात आज्ञा पाळण्यासाठी जो ग्रीक शब्द येतो तोही ऐकण्याच्याच शब्दावरून झालाय. त्यामुळे माझ्या मते 'मी काय ऐकतो' पेक्षा 'मी कोणाचं ऐकतो' हा खरा प्रश्न. गाणं कानावर पडणं वेगळं आणि त्या गाण्याचं ऐकणं वेगळं.

हेडफोनधारी
हे भारी आहे. 'गाण्याचं ऐकणं'. पण मग फरक कळणार कसा? मला तर ब्रेकअपनंतर सहा महिने एकाच टाइपची गाणी ऐकून असं झालं होतं की ती गाणी मी ऐकत होतो की गाणी मला चालवत होती देव जाणे.

बिरुयाकर
तू स्वतःच उत्तर दिलंस की.

जुनी_पेटी
मी या मंडळात वयाने बहुतेक सगळ्यात मोठी. चाळीस वर्षं उपासनेत पेटी वाजवलीय, आता बोटं साथ देत नाहीत म्हणून नुसती ऐकते. मुलीने टाइप करून दिलंय, चुका तिच्या.

हा वाद फार जुना आहे रे पोरांनो. संत ऑगस्टिनने इसवी सन ४०० च्या सुमारास आपल्या 'कबुलीजबाबा'त कानांच्या सुखावर एक अख्खं प्रकरण लिहिलंय, दहाव्या भागात. आणि तो बाहेरच्या गाण्यांबद्दल नाही बोलत, चर्चमधल्या स्तोत्रांबद्दल बोलतोय! म्हणतो की गायलेल्या शब्दांपेक्षा गाण्यानेच मी जास्त हललो तर ते माझं पाप आहे, आणि मग वाटतं गाणं ऐकलंच नसतं तर बरं. मग त्याला आलेक्सांद्रियाच्या अथनेशियस या बिशपची आठवण येते, तो म्हणे स्तोत्र म्हणणाऱ्याला आवाज इतका कमी वर-खाली करायला लावायचा की ते गाणं न वाटता बोलणंच वाटावं. आणि लगेच पुढे ऑगस्टिनला आठवतं की विश्वासात नवीन असताना याच गाण्यांनी आपल्याला रडवलं होतं. शेवटी गाणं असू द्या म्हणतो, पण डगमगतच म्हणतो. मला तो माणूस आवडतो तो त्यामुळेच. सोळाशे वर्षं झाली, आपण अजून तिथेच आहोत.

सोळाव्या शतकात युरोपात चर्चची धर्मसुधारणा झाली त्या वेळीही तेच, लूथर, झ्विंगली, कॅल्विन हे तिघे तिचे पुढारी. लूथर म्हणायचा ईश्वरज्ञानाच्या खालोखाल मान संगीताचा. झ्विंगली स्वतः कितीतरी वाद्यं वाजवायचा, चांगला गवई होता, आणि १५२० च्या दशकात त्याच्याच झुरिकमध्ये उपासनेतलं गाणं बंद झालं. कॅल्विनने मधला रस्ता धरला, स्तोत्रसंहिता गा, सगळ्यांनी एका सुरात, वाद्य नको. तिघेही तेच पवित्र शास्त्र वाचत होते.

१७४३ मध्ये लंडनला संगीतकार हँडेलचं 'मसीहा' हे येशूवरचं गायन झालं तेव्हाही लोक चिडले होते, का तर देवाचं वचन नाटकगृहात कसं गाता म्हणून. आज तेच ऐकून लोक उभे राहतात.

म्हणून कोणी मला यादी करून दिली की हे ऐक आणि हे ऐकू नको तर मी ती जरा बाजूला ठेवते. यादी करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण याद्या दर पिढीत बदलतात.

हेडफोनधारी
आजी तुम्ही माझ्या शिबिरात का नव्हतात 😭

जुनी_पेटी
थांब, इतका खूश होऊ नकोस. मी सगळं चालतं असं नाही म्हटलं. यादी नको म्हटलं. माझी एक खूण आहे ती सांगते. गाणं संपल्यावर मी कशी असते ते बघते. गाणं चालू असताना सगळंच गोड लागतं. संपल्यावर घरातल्या माणसाशी बोलायला नको वाटतं का, चिडचिड होते का, नको ते आठवून मी उगाळत बसते का. काही गाणी फार सुंदर आहेत पण ती ऐकली की मला एका जुन्या भांडणाची चव तोंडात येते, मी ती सोडली. त्या गाण्यात काही वाईट नाही. माझ्यात आहे.

आणि उलटही होतं. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक स्वतः सांगायचे की मी ख्रिस्ताकडे आलो तो तुकारामाच्या पुलावरून. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला माणूस, आपली निम्मी गीतं त्यांच्या मागे उभी आहेत. अभंग ऐकू नको अशी यादी त्यांना कोणी आधीच दिली असती तर?

मोहरीचा_दाणा
पूल ओलांडायला असतो पण काकू, पुलावर घर बांधून राहणारेही बघितलेत मी. असो, तो वेगळा धागा होईल.

मला ताईंच्या फोनबद्दल बोलायचंय कारण मी ती 'मैत्रीण' होते. म्हणजे त्यांची नाही, पण तसली. आमच्या महिला प्रार्थना गटात विनंत्या गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. सुरुवातीला वहीत एक ओळ लिहायचे, 'अमक्यांच्या घरासाठी'. मग कोणीतरी विचारायचं, का गं काय झालं, नीट माहिती असेल तर नीट प्रार्थना करता येईल. मग मी सांगायचे. आणि मला कळेना की माझ्या आवाजाला काय होतं, आवाज आपोआप खाली यायचा, खुर्ची पुढे सरकायची. देवाशी बोलताना कधी मी एवढी पुढे सरकले नव्हते. एके दिवशी ज्यांच्याबद्दल बोलत होतो त्या बाई दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारपासून त्या मागच्या बाकावर बसायला लागल्या आणि काही महिन्यांनी यायच्याच बंद झाल्या.

नीतिसूत्रे १८:८, चहाडखोराचे शब्द मिष्टान्नाच्या घासासारखे पोटात खोल उतरतात. हेच वचन २६:२२ मध्ये पुन्हा जसंच्या तसं आहे. दोनदा सांगावं लागलं यावरून समजा. आणि ते सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याबद्दल जास्त आहे, घास कोण गिळतंय?

आता मी एकच करते. कोणी सुरू केलं की विचारते, 'त्यांना विचारून सांगतेयस का?' नव्वद टक्के वेळा विषय तिथेच बदलतो. (टक्के मनाचे आहेत, मोजलेले नाहीत.)

कानावर_हात
वाचून पोटात गोळा आला. मी खुर्ची पुढे सरकवली नव्हती कारण फोनवर होते, पण मी टीव्हीचा आवाज बंद केला होता. नीट ऐकू यावं म्हणून. प्रार्थनेच्या वेळी कधी केलाय का आठवत नाही.

वेदीसेवक
आमच्याकडे कॅथलिकांमध्ये पापनिवेदन असतं, तिथे ऐकणाऱ्यावर सगळी जबाबदारी आहे. फादरनी पापनिवेदनात ऐकलेलं कुठल्याही कारणाने उघड करायचं नाही, थेट उघड केलं तर ते आपोआप चर्चच्या बाहेर होतात, आणि ती शिक्षा फक्त रोमहून माफ होऊ शकते. लहान असताना मला वाटायचं बोलणाऱ्याचं काम कठीण. आता वाटतं ऐकून घेऊन मरेपर्यंत पोटात ठेवणाऱ्याचं कठीण. आपण साधी माणसं, आपल्याला हा नियम लागू नाही, पण ऐकणं ही एवढी मोठी गोष्ट कोणीतरी मानलीय हे मला धीर देतं.

रात्रपाळी
इथे मी जरा उलटं बोलणार आहे, राग मानू नका.

मी रात्री फोनवर लोकांचं ऐकायचं काम करते, संकटात असलेल्या माणसांचं. आठ तास ऐकणं हेच काम. आणि मंडळीतल्या किती बायका मला सांगतात की त्यांनी घरातली मारहाण कोणाला तरी सांगायचा प्रयत्न केला होता आणि समोरून आलं, 'सिस्टर, आपण निंदा ऐकू नये.' बस, फाइल बंद. म्हणजे जी वचनं मोहरीचा_दाणा ताईंनी दिली तीच वचनं कान बंद करायला वापरली गेली.

१ तीमथ्य ५:१९ पण असंच वापरतात. वडिलावरचा, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यावरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय स्वीकारू नका. बरोबर. पण २० वी ओवी कोणी वाचत नाही, जे पाप करत राहतात त्यांचा दोष सर्वांसमोर दाखव, म्हणजे बाकीच्यांनाही भीती वाटेल. १९ आणि २० एकत्र वाचलं तर अर्थ होतो की नीट चौकशी करा, आणि खरं निघालं तर लपवू नका. नुसतं १९ वाचलं तर अर्थ होतो गप्प बसा.

हलका कान वाईट, मान्य. पण दगडी कानही वाईटच ना.

मोहरीचा_दाणा
राग नाही हो. तुमचं बरोबर आहे. पण मग फरक कसा करायचा? दोन्ही वेळा कोणीतरी तिसऱ्या माणसाबद्दल वाईट सांगतंय.

रात्रपाळी
मी कामात बघते ते सांगते. स्वतःवर बेतलेलं सांगणारा माणूस अडखळतो. मधेच थांबतो, सॉरी म्हणतो, 'जाऊ द्या तुमचा वेळ घेतेय' म्हणतो. चहाडी करणारा अडखळत नाही, गोष्ट पाठ असते. हा काही नियम नाही, घाबरलेली माणसं कधी कधी यंत्रासारखंही बोलतात. पण मुख्य म्हणजे, सांगणाऱ्याला स्वतःसाठी मदत हवीय का, ते विचारा. 'मी तुमच्यासाठी काय करू?' याला ज्याचं दुखतंय त्याच्याकडे काहीतरी उत्तर असतं, रडणं का असेना. चहाडीला उत्तर नसतं, ती म्हणते 'नाही गं, तुला नुसतं सांगितलं.'

आणि नीतिसूत्रे १८:१७ विसरू नका, पहिला बोलतो त्याचं खरं वाटतं, मग दुसरा येऊन त्याची तपासणी करतो. म्हणजे पहिल्याचं ऐका, पण निकाल देऊ नका. अर्थात मारहाण चालू असेल तर आधी बाई सुरक्षित, तपासणी नंतर. हे स्पष्ट लिहिलेलं बरं.

बिरुयाकर
👏 १८:१७ खूप वर्षं वाचतोय, असं कधी वाचलं नव्हतं.

दुसरी_बाजू
चर्चा छान पण सगळ्यात मोठ्या गोष्टीवर कोणी बोलत नाहीये. संदेश. उपदेश. यूट्यूबवरचे.

माझी गोष्ट ऐका. लॉकडाउनमध्ये मला एका प्रचारकाची सवय लागली, नाव देत नाही. रोज तीन-तीन तास. शेवटचा काळ, चिन्हं, महामारी, कुठल्या देशाने कुठल्या देशाशी करार केला आणि ते कुठल्या अध्यायात आहे. भांडी घासताना, आंघोळीला जाताना, झोपताना कानात. वेळ वाचावा म्हणून दीड पटीने लावायचो, त्यामुळे तो माणूस आणखीच घाईत वाटायचा, जणू उद्याच सगळं संपणार. एक संपला की पुढचा आपोआप सुरू, आणि पुढचा थोडा आणखी भीतीदायक. मी समजत होतो मी वचन ऐकतोय! सहा महिन्यांत माझी अवस्था अशी की मुलगी शाळेचं काहीतरी सांगायला आली तर मनात यायचं, शाळा कशाला, वेळच किती उरलाय. हे मी तिला एकदा बोललोही. सात वर्षांची होती. ती रात्री उठून विचारायला लागली की आपण वर जाणार का, आणि तिची बाहुली राहील का इथे.

तिथे माझे डोळे उघडले. बाहुलीपाशी.

मत्तय २४:६ मध्ये येशू म्हणतो तुम्ही लढायांविषयी ऐकाल, आणि लगेच म्हणतो, घाबरू नका. माझ्या त्या माणसाने पहिला अर्धा भाग हजार वेळा सांगितला. दुसरा अर्धा एकदाही नाही.

बिरुयाकर
इथे हॅरल्ड कॅम्पिंगची गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेतला रेडिओवरचा बायबल शिक्षक, लोक वर्षानुवर्षं रोज ऐकायचे, फोन करून प्रश्न विचारायचे, शांत जड आवाज. त्याने येशू परत येऊन न्याय होण्याची २१ मे २०११ ही तारीख दिली. १९९४ ची त्याची आधीची वेळ चुकली होती तरी लोकांनी ऐकलं, काहींनी नोकऱ्या सोडल्या, साठवलेले पैसे जाहिरातींवर घातले. तो दिवस गेला. मग ऑक्टोबर दिला, तोही गेला. २०१२ मध्ये त्याने चूक कबूल केली आणि तारीख काढणं हेच पाप होतं म्हणाला. कबूल केलं ते चांगलं केलं, पण ऐकणाऱ्यांचं काय?

त्याच्याआधी १८४४ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम मिलर या प्रचारकाचं ऐकून हजारो लोक २२ ऑक्टोबरला येशू परत येईल म्हणून वाट बघत बसले होतेच. अनुवाद १८:२२ तर तेव्हाही होतं, परमेश्वराच्या नावाने सांगितलेलं घडलं नाही तर ते परमेश्वराचं नव्हतं, त्याला भिऊ नकोस. 'भिऊ नकोस' हे शब्द तिथेही आहेतच.

माझ्या नावामुळे लोक मला विचारतात, बिरुया म्हणजे काय. ते एक गाव, प्रेषितांची कृत्ये १७:११. तिथल्या लोकांनी प्रेषित पौलाचं मोठ्या उत्सुकतेने ऐकलं आणि रोज शास्त्रात शोधून पाहिलं की असंच आहे का. पौलाचं! आणि ते पुस्तक लिहिणारा लूक त्यांना त्याबद्दल रागावत नाही, थोर मनाचे म्हणतो. उत्सुकता आणि तपासणी दोन्ही एकाच वाक्यात. आपल्याकडे तपासणारा म्हणजे अविश्वासी आणि उत्सुक म्हणजे तपासणं सोडलेला असं झालंय.

हेडफोनधारी
+ आता तर आवाजही खरा असेल याची गॅरंटी नाही. प्रसिद्ध पाळकांचे एआयने बनवलेले खोटे आवाज फिरतायत, ते कधी बोललेच नाहीत असल्या गोष्टी त्यांच्या आवाजात, वर दान पाठवा. माझ्या मावशीने ग्रुपवर टाकला होता एक. मी म्हटलं हे खोटं आहे तर म्हणाली पण संदेश चांगला आहे ना. आता याला काय उत्तर द्यायचं?

वेदीसेवक
@हेडफोनधारी मावशींना विचार, पैसे पाठवलेस का. तिथून बोलणं सुरू कर.

दुसरी_बाजू
कोणी विचारायच्या आधी सांगतो, आता काय करतो. एका आठवड्यात एकच संदेश. आपल्या पाळकांचा, जे मला ओळखतात आणि ज्यांना मी 'हे कळलं नाही' म्हणून गाठू शकतो. तो कधी कधी कंटाळवाणा असतो हेही मान्य. पण साध्या वेगाने, बसून, वही घेऊन. आणि त्यातली एक गोष्ट करून बघितल्याशिवाय पुढचा ऐकायचा नाही. दोन आठवडे एकाच संदेशावर अडकलो होतो, भावाशी बोलायचं होतं म्हणून.

मोहरीचा_दाणा
बोललात का?

दुसरी_बाजू
हो. बावीस मिनिटं. अर्धा वेळ तो हवामानाबद्दल बोलला. पण बोललो.

फेडर_खाली
उशिरा आलो. मी मंडळीत साउंडवर असतो, मागे मिक्सरपाशी, नऊ वर्षं. तुम्ही 'काय ऐकता' म्हणताय ते मी तुम्हाला ऐकवतो म्हणून जरा आतली गोष्ट सांगतो, आणि हे इतकी वर्षं मनात आहे.

पाळक प्रार्थना सुरू करतात तेव्हा कीबोर्डवाला खाली एक पॅड धरून ठेवतो. लांबलचक, एकाच सुराचं, ढगासारखं. त्याला रिव्हर्ब दिला की सगळा हॉल मोठा वाटतो. प्रार्थना रंगली की मी त्याचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकती खुंटी, हळूहळू वर नेतो, इतका हळू की कोणाला कळत नाही. आणि लोकांचे हात वर जायला लागतात. फेडर खाली आणला की हात खाली. मी हे नऊ वर्षं बघतोय. सुरुवातीला वाटायचं पवित्र आत्मा आणि मी दोघं मिळून काम करतोय. मग एकदा केबल सैल झाली, ऐन प्रार्थनेत पॅड गेलं, आणि लोकांनी डोळे उघडून इकडेतिकडे बघितलं. लाइट गेल्यावर बघतात तसं. पाळक बोलतच होते, शब्द तेच.

मी वाजवणाऱ्यांना खोटं म्हणत नाही, आमचा कीबोर्डवाला प्रार्थना करून वाजवणारा मुलगा आहे. शौल राजाला बरं वाटावं म्हणून दावीदाने वीणा वाजवलीच की. पण तिथे शौलाला माहीत होतं की वीणा वाजतेय. आपल्या लोकांना पॅड ऐकूच येत नाही, ते फक्त त्याचं ऐकतात. (बिरुयाकर यांचा शब्द वापरतोय.)

जुनी_पेटी
बाळा, पेटीचा भाता मीही असाच दाबलाय चाळीस वर्षं. शेवटच्या कडव्याला जरा जास्त. मला माहीत होतं मी काय करतेय. आज पहिल्यांदा कबूल करतेय.

कानावर_हात
माझं अपडेट. त्या मैत्रिणीचा परत फोन आला. मी विचारलं त्यांना विचारून सांगतेयस का. ती गप्प झाली, मग चिडली, मग म्हणाली तू फार पवित्र झालीस का. फोन ठेवला. अजून बोलत नाहीये. हे चांगलं झालं की वाईट कळत नाही मला, कारण मीच तर इतकी वर्षं ऐकत आलेय, तिला वाटणारच.

आणि ती अर्धी ओळ अजून येते. मी आता ते पूर्ण गाणं शोधून एकदा सगळं ऐकलं. पुढची ओळ इतकी फालतू निघाली की हसायला आलं. तेव्हापासून कमी झालीय.

रात्रपाळी
तिला तुम्हीच फोन करा. जोडप्याबद्दल नको, ती कशी आहे ते विचारा. सारखं दुसऱ्यांबद्दल बोलणाऱ्या माणसांना कोणी त्यांच्याबद्दल विचारलेलं नसतं बऱ्याचदा.

फेडर_खाली
कालचं सांगतो आणि झोपतो. पाळकांना आधी सांगितलं होतं, ते नुसतं 'बघू' म्हणाले. प्रार्थनेच्या वेळी कीबोर्डवाल्याला खूण केली, त्याने हात मांडीवर ठेवले. मी रिव्हर्बही काढला. पाळकांचा आवाज एकदम छोटा झाला, घरात बोलतात तसा. दोन वाक्यं बोलून ते थांबले, त्यांनाही सवय नाही. मग पंख्याचा आवाज यायला लागला, तो नऊ वर्षं तिथेच असणार. पुढच्या रांगेत कोणीतरी नाक ओढलं. एक लहान मूल मोठ्याने म्हणालं, 'संपलं?' आणि त्याच्या आईने त्याला गप्प केलं. एकही हात वर नव्हता. मागच्या बाकावरची एक बाई मात्र पुटपुटत होती, मला शब्द ऐकू येत होते इतकी शांतता होती, तर मी हेडफोन घातले.